सायकली घेऊन मोहाच्या मुलखात या

नागपूर-वर्ध्याकडच्या सायकलवाल्या मित्रमंडळींचा एक बेत दर हिवाळ्यात ठरतो आणि बहुतेक वेळा मोडतो. बेत नाशिकचा असतो. गंगापूर धरणाच्या बाजूने द्राक्षमळ्यांतून सायकली हाणायच्या, वायनरीत टेकायचं, पेला हातात धरून फोटो काढायचे. नाशिककरांनी हे सगळं छान मांडलंय, त्यात वाद नाही. १९९९ साली सुला सुरू झाली आणि पंचवीस वर्षांत द्राक्षाचा मुलूख सहलीचा मुलूख झाला. पण नागपूरहून नाशिक सहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. सायकली पार्सल डब्यात चढवायच्या, सात जणांच्या रजा जुळवायच्या, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी घरी साक्षगंध निघतं.

माझं सांगणं असं की पुढचा बेत भंडारा जिल्ह्याचा करा. नागपूरहून साठ किलोमीटर. इथे द्राक्षं नाहीत, मोह आहे. वेलींचे मळे नाहीत, धानाच्या बांध्या आणि तलाव आहेत. वायनरी तर नाहीच. तरी या. फक्त नाशिकचा बेत जसाच्या तसा उचलून आणू नका. इथे फिरायची रीत वेगळी आहे आणि ती आधी समजून घेतली तर चार दिवस कारणी लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर कमी ठेवा. सायकलवाल्यांना हल्ली किलोमीटर मोजायचा आजार जडलाय. दिवसाला शंभर झाले नाहीत तर स्ट्राव्हावर तोंड कसं दाखवायचं, अशी चिंता असते. भंडाऱ्यात दिवसाला पस्तीस ते पंचेचाळीस पुरे. एमटीबीवर कच्च्या वाटेने पस्तीस म्हणजे डांबरावरचे साठ धरा, हा एक हिशेब. दुसरा हिशेब तलावांचा. इथे गाव आलं की तलाव आलाच, आणि तलाव आला की पाळीवर चढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात ते, साडेसहा हजारांच्या वर आहेत. बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्याच. शंभर किलोमीटरच्या घाईत यातला एकही दिसत नाही. दिसतं ते पुढच्या गड्याचं मागचं चाक.

हे तलाव बघायचे कसे, तेही सांगतो. पाणी पाहून पुढे निघू नका, पाळ पाहा. चांद्याच्या गोंड राजांनी फर्मान काढलं होतं की जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, असं इकडे सांगतात. कोहळी समाजाने हे काम मनावर घेतलं. उताराचा अंदाज असा की आजच्या अभियंत्यानेही मान डोलवावी. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, बोडीचं पाणी बांध्यांत, एका बांधीतून दुसरीत. पाणी सोडायला तुडूम. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायचा कुणी हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे. कितीतरी तलावांत बेशरम माजली आहे. पाळीवर उभं राहून हे दिसतं. गुळगुळीत रस्त्यावरून ताशी पंचवीसने जाताना दिसत नाही.

पाळीवर सायकल चालवता येते, पण सरसकट नाही. पाळ अरुंद असेल, समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई किंवा म्हशी येत असतील, तर उतरायचं आणि बाजूला व्हायचं. वाट त्यांची आहे. जमिनीचाही अंदाज घ्या. सिहार माती हलकी, पाऊस उघडल्यावर लवकर सुकते, चाक धरते. कन्हार काळी आणि चिकट. ओली असली की दहा पावलांत चाकाचा चिखलगोळा होतो नि ब्रेकच्या फटी भरतात. मोरंड दोहोंच्या मधली. कोणत्या गावाकडे कसली माती आहे हे चहाच्या टपरीवर विचारलं की लगेच कळतं, त्यासाठी नकाशा लागत नाही. दोन इंची टायर असतील तर कच्च्या वाटेवर हवा तीस-पस्तीसवर आणा. बाभळीचे काटे भरपूर, म्हणून प्रत्येकाजवळ दोन ट्यूब आणि गटात एक चांगला पंप हवाच. तालुक्याच्या गावी सायकल दुकानं आहेत, पण त्यांच्याकडे साध्या सायकलचा माल मिळतो, डिस्क ब्रेकचे पॅड मिळत नाहीत.

आता वाटा. दक्षिणेची वाट पवनीची. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून सायकलने येऊ नका, ट्रकांची रांग तुटत नाही. त्यापेक्षा सायकली गाडीत टाकून कुहीपर्यंत या आणि तिथून आंभोऱ्याला चाकांवर निघा. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी अशा पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं मंदिर आणि २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला केबलवरचा पूल. पुलाच्या मनोऱ्यावर काचेची गॅलरी आहे, तिथे गर्दी असते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला असं आमच्याकडे मानतात. आंबेजोगाईकर हे मान्य करणार नाहीत. सोबत मराठवाड्यातला मित्र असेल तर तासभराची करमणूक होते.

या पुलावर नागपूरकरांनी जरा जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं. खाली पसरलेलं पाणी गोसीखुर्द धरणाचं आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं आणि ते भरायला लागल्यावर किती गावं उठली, हे पलीकडच्या काठावर कुणालाही विचारा. त्या पाण्यात नागपूरचं सांडपाणीही येतं. नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला. जलपर्णी का वाढली हे मग वेगळं सांगावं लागत नाही. निसर्ग पाहायला आलेल्या शहरी माणसाला आपल्याच मोरीचं पाणी भेटतं, अशी ही जागा आहे. परत गेल्यावर आपल्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न इथून घेऊन जा.

पूल ओलांडला की भंडारा जिल्हा. पहेला, अड्याळ करत पवनी. या रस्त्यावर रेतीचे टिप्पर धावतात आणि ते सायकलला रस्त्यातला घटक मानत नाहीत. एका रांगेत चाला, आरसा लावा, टिप्परचा आवाज आला की डांबर सोडा. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते घाट आणि देवळांमुळे, पण मला विचाराल तर जगन्नाथ टेकडी आधी पाहा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं आणि मौर्य-सातवाहन काळाकडे नेणारा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वी हे नदीकाठचं भरभराटीचं गाव होतं. आज टेकडीवर चिटपाखरू नसतं. मुक्काम पवनीतच करा.

ज्यांना चढ हवाच आहे त्यांनी उत्तरेला तुमसरकडे जावं. तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत, गायमुखचं महादेवाचं ठिकाण आहे, सिहोऱ्याजवळ चांदपूरचा तलाव आणि मारुती आहे, आणि चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. खाणपट्ट्यात लाल-काळी धूळ चेनमध्ये जाते, रोज संध्याकाळी पुसा. आंबागडचा किल्ला तुमसरपासून जवळ. देवगडच्या बख्त बुलंदच्या राजवटीतला, १७०० च्या सुमाराचा, राजाखान पठाणाने बांधलेला. भोसल्यांच्या काळात तिथे तुरुंग होता. सायकल पायथ्याशी ठेवा आणि पायी चढा. जुन्या पायऱ्यांवरून सायकल उतरवून व्हिडिओ काढणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन की ही मर्दुमकी दुसरीकडे दाखवा, हे दगड परत बसवायला कुणी येणार नाही. महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा भरते. त्या दोन-तीन दिवसांत या बाजूला सायकली आणू नका.

साकोलीकडची पूर्वेची वाट जंगलाची आणि तिथे माझा सूर जरा कडक होतो. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प, दोन्ही २०१३ साली जाहीर झाले. अभयारण्याच्या आत मनाला येईल तिथे सायकल चालवता येत नाही. वनविभागाची परवानगी लागते आणि जिप्सीसाठी खुली असलेली वाट सायकलसाठी खुली असतेच असं नाही. जंगलाच्या बाहेरचा रस्ताही जंगलाचाच आहे असं समजा. वाघाला हद्दीची पाटी वाचता येत नाही. सूर्य पुरता वर आल्याशिवाय निघायचं नाही, पाचच्या आत मुक्कामी पोचायचं, आणि गट तुटू द्यायचा नाही. अस्वल वाघापेक्षा वाईट; ते बिचकून अंगावर येतं. शॉर्टकट म्हणून संध्याकाळी शेतातून सायकल घालू नका. रानडुकरांसाठी काही जण बेकायदा वीज सोडलेल्या तारा लावतात. त्यांत वाघ मेलेत, माणसंही मेली आहेत.

गट किती जणांचा? सहा ते आठ. त्यापुढे गेलं की ती मिरवणूक होते, आणि गावातल्या खानावळीत एकदम पंधरा ताटं पडत नाहीत. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा, आणि त्याला पुढे ठेवायचं. मागे ठेवला तर तो दिवसभर पोचतच राहतो; बाकीचे चहा संपवून उठतात तेव्हा तो टेकतो. सगळ्यात मागे पक्का गडी हवा, ज्याला पंक्चर काढता येतं आणि ज्याचा फोन चार्ज असतो. पैशांची पिशवी एक, सांभाळणारा एक, हिशेब रोज रात्री. मैत्रिणी सोबत असतील तर शौचालयाचा विचार निघण्याआधी करा. मधल्या गावांत सोय मिळेलच असं नाही, म्हणून थांबे पेट्रोल पंप किंवा तालुक्याच्या गावी ठेवा. हेल्मेट सगळ्यांना. कुणाला लागलं तर १०८.

आता ऋतू. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत हा मुलूख हिरवागार असतो, पण तेव्हा वाटा चिखलाच्या आणि माणसं कामात बुडालेली. रोवणी करणाऱ्या बायांचे न विचारता फोटो काढू नका. कमरेत वाकून काम करणाऱ्या माणसाला कॅमेरा आवडत नाही. दिवाळीनंतर या, तर रस्त्याच्या कडेला धानाचे पुंजणे असतात आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत. रात्री झाडीपट्टीचं नाटक, पहाटेपर्यंत. रात्रभर नाटक पाहायचं ठरलं तर दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावू नका. याच सुमारास ढिवर मंडळी तलावातून शिंगाडे काढतात. उकडलेले शिंगाडे खिशात भरून घ्यावेत, त्यांच्यापुढे एनर्जी बार फिके. तलावात मात्र उतरू नका. तळाला गाळ असतो, वेली पायाला गुंडाळतात, आणि दरवर्षी कुणीतरी बुडतं. गळही टाकू नका. बहुतेक तलाव मासेमारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. ती कुणाची तरी रोजी आहे.

पण माझा कौल विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा तिसरा आठवडा. पळस पेटलेला असतो आणि मार्चच्या मध्यापासून मोह गळू लागतो. रात्रीतून फुलं पडतात, पहाटेपासून घरचे सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. हे झाड कुणाचं तरी असतं. धुऱ्यावरचं शेतमालकाचं, जंगलातलं वहिवाटीने एखाद्या घराचं. म्हणून फुलं उचलू नका, मागा. ताजं फूल गोड नि रसाळ, चार-दोन खायला कुणी नाही म्हणत नाही. वाळलेली फुलं भाजून तिळासोबत लाडू होतात, उकडून खातात. २०२० मध्ये केंद्राने वाळल्या मोहफुलाचा आधारभाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची, नेण्या-आणण्यावरची जुनी बंधनं सैल केली. तोवर ज्याच्या अंगणात फूल वाळत असे, तो पोलिसाला भ्यायचा.

आणि दारू. हे स्पष्टच बोलतो, कारण प्रत्येक गटात एक जण असतो जो पहिल्याच संध्याकाळी ‘पहिल्या धारेची मिळेल का’ म्हणून विचारतो. विचारू नका. फुलं मोकळी झाली, भट्टी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी गाळणं आणि विकणं गुन्हा आहे. तुम्ही दोनशे रुपये देऊन दुसऱ्या दिवशी निघून जाल. केस होईल ती पाजणाऱ्या बाईवर. याच गावांत बायांनी बाटली आडवी करण्यासाठी मोर्चे काढलेत, नवऱ्यांशी भांडणं घेतलीत. पाहुणे म्हणून जाऊन त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवायचं का? लाखांदूरहून पुढे वडशाला जाणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. वडसा गडचिरोलीत आहे आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पिशवीतली परवान्याच्या दुकानातली बाटलीसुद्धा वैनगंगेपलीकडे गुन्हा ठरते. चार दिवस कोरडे काढता येत नसतील तर नाशिकला जा, तिथे ते राजरोस आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून परवाने दिले आहेत. आपल्याकडे तसं व्हावं की नाही यावर माझं मत आहे, पण कायदा बदलेपर्यंत त्या मताची किंमत शून्य.

पैसे कुठे खर्चायचे ते ऐका. नाश्ता गावच्या टपरीवर, तर्री पोहे आणि आलुबोंडा. जेवण जमलं तर घरगुती: भात, तलावातले मासे, लाखोरीची डाळ. निघताना चिन्नोर तांदूळ घ्या. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालंय, वास आणि चव दोन्ही आहेत. मॉलमधून नको, पिकवणाऱ्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. पाच किलोची पिशवी कॅरिअरवर बसते. मोहाडी-आंधळगावकडून जाणार असाल तर कोशाचं कापड विणणाऱ्यांकडे डोकावा.

एक शब्द भंडाऱ्यातल्या वाचकांसाठी. सायकलने आलेल्या पाहुण्याला रिसॉर्ट नको असतं. त्याला एक स्वच्छ खोली हवी, कडी लागणारं शौचालय हवं, सायकल आत ठेवायला ओसरी हवी आणि गरम जेवण. एवढं बचत गटाच्या चार जणी मिळून सहज चालवू शकतात. तलावकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीने समाजमंदिरालगतची खोली झाडून द्यावी, जेवणाचा आणि मुक्कामाचा दर फळ्यावर लिहावा, खाली एक फोन नंबर द्यावा, आणि थर्माकोलच्या पत्रावळी तेवढ्या टाळाव्यात. पळसाची पानं दारातच आहेत. हे यंदा मंडईच्या आधी करा. दिवाळीनंतर सायकलवाले निघतात.